पाऊस उघडायची वाट

नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचा एक. पुण्याहून नातवंडांकडे आलेले आजोबा अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी उभे होते. पायात बूट, स्वेटरवर जर्किन, डोक्याला कानटोपी, हातात छत्री. "पाऊस उघडला की एक चक्कर मारून येतो," म्हणाले. दोन वाजता पुन्हा तेच. तीन वाजता बूट काढून चहा घेतला, परत बूट चढवले. साडेचारला बाहेर अंधार झाला आणि छत्री कोपऱ्यात गेली. तशी त्या दिवशी एकही मोठी सर आली नव्हती. पार्किंगमधल्या गाड्यांची टपं तेवढी ओली होत होती, आणि समोरच्या मैदानात शेजारची पोरं चिखलात चेंडू खेळत होती. त्यांचे आईबाप टोप्या ओढून, कॉफीचे पेले धरून कडेला उभे होते. छत्री एकाकडेही नव्हती.

आजोबांचं चुकलं काय, हा प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. आपल्याकडचा पाऊस माणसाला थांबायला शिकवतो. सर येते, कोसळते, दुकानाच्या पत्र्याखाली दहा मिनिटं उभं राहिलं की ओसरते. अशा पावसात थांबणाराच शहाणा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सिॲटलला अख्ख्या वर्षात जेमतेम हजार मिलिमीटर पडतो. पण तो सुमारे दीडशे दिवसांवर पसरलेला असतो, आणि त्यातले बहुतेक दिवस ऑक्टोबर ते एप्रिलमधले. पाणी थोडं, वेळ फार. सकाळी सुरू झालेली भुरभुर संध्याकाळपर्यंत तशीच, ना जोर धरत, ना थांबत. तिथे उघडीप मिळेल म्हणून बसलेल्या माणसाचा दिवस संपतो, मग आठवडा, मग डिसेंबर. भारतातून नवीन आलेली कितीतरी माणसं पहिल्या हिवाळ्यात अशी खिडकीपाशी अडकतात आणि फेब्रुवारीत म्हणतात, इथली थंडी सोसत नाही. थंडी तशी बेताची असते. दुपारी सात-आठ अंश, रात्री तीन-चार. नाशिककरांनी जानेवारीच्या पहाटे याहून बोचरा गारठा अनुभवलेला असतो.

कमी पडतो तो उजेड.

सिॲटल साडेसत्तेचाळीस अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, चार-वीसला मावळतो आणि भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर चढतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांचा असतो. त्यात या १९ अंशांच्या सूर्यावर प्रशांत महासागरावरून आलेल्या ढगांचा जाड थर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या दिवशी पावणेसहाला होणारा सूर्यास्त एकदम पावणेपाचला येतो. ऑफिसातून निघावं तर रात्रच. तिथले लोक या काळाला 'बिग डार्क' म्हणतात आणि ऑक्टोबरातच त्याची तयारी करतात. अजून एक बारकावा उपयोगी पडतो. सर्वात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन जातो, पण सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या दिवसांत असतो. म्हणून ज्यांना संध्याकाळ खायला उठते त्यांना नाताळापासूनच थोडं हलकं वाटू लागतं, आणि ज्यांना सकाळी अंथरूण सुटत नाही त्यांचा खरा कठीण काळ नव्या वर्षात सुरू होतो. आपल्याला त्रास कोणत्या टोकाचा आहे ते ओळखावं, म्हणजे उपायही त्या टोकाला करता येतो.

उजेड कमी पडून येणाऱ्या हिवाळी औदासीन्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलं, आणि त्याच संशोधनात तेजस्वी दिव्याच्या उपचाराचाही विचार होता. आज असे दिवे कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळतात, पण ते वापरताना गफलती होतात. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं; लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. ते किती अंतरावर, हे बारीक अक्षरांत असतं. वहीएवढा दिवा तेवढा उजेड देतो तो चेहरा अगदी जवळ नेल्यावर. हातभर लांब ठेवला की उजेड कितीतरी पटींनी उतरतो. तेव्हा पसरट, मोठा दिवा घ्यावा, अतिनील किरण गाळणारा, आणि ४० ते ५० सेंटिमीटरवर १०,००० लक्स देतो असं स्पष्ट लिहिलेला. तो नजरेच्या जरा वर, किंचित बाजूला ठेवावा. डोळे उघडे हवेत, पण दिव्यात रोखून बघायचं नाही. पोहे खावेत, पेपर वाचावा. उठल्यापासून तासाभरात, वीस ते तीस मिनिटं, रोज. शनिवार-रविवार सोडून चालत नाही. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि बरेच जण पाचव्या दिवशी दिवा कपाटात टाकतात. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोकं दुखलं, डोळे ताणले तर वेळ निम्मी करावी. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, प्रकाशाने त्वचेला किंवा डोळ्यांना त्रास होईल अशी औषधं चालू असतील किंवा मन आलटून-पालटून उसळण्या-खचण्याचा बायपोलर आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. बायपोलर असलेल्या माणसाचं मन यानं भलत्याच वेगानं उसळू शकतं. सुरुवात ऑक्टोबरात करावी. डिसेंबरात पुरतं खचल्यावर दिवा विकत आणणं म्हणजे फारच उशीर.

दिव्यापेक्षाही मोठा उजेड बाहेर फुकट असतो, आणि हेच नवख्या माणसाला पटत नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड दोनतीनशे लक्स, चांगल्या ऑफिसात पाचशे. अगदी काळवंडलेल्या पावसाळी दुपारीही उघड्यावर हजार-दोन हजार लक्स असतात, ढग जरा विरळ असले तर पाचसहा हजारही. म्हणून तिथे टिकलेली माणसं बारा ते एकमध्ये बाहेर पडतात. जेवणाच्या सुट्टीत पाऊणएक किलोमीटरची फेरी, पाऊस असो नसो. हवामानाच्या अंदाजात 'सनब्रेक' म्हणून एक गोष्ट असते. ढगांना भोक पडून वीस मिनिटं ऊन येतं. तेव्हा मीटिंग सोडून लोक पार्किंगमध्ये येऊन तोंड वर करून उभे राहतात, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शाळांमध्ये मधली सुट्टी पावसातही बाहेरच होते; मैदानाच्या एका भागावर नुसतं छप्पर असतं. उघड्यावर भरणाऱ्या बालवाड्यांनाही वॉशिंग्टन राज्य, म्हणजे सिॲटल ज्यात येतं ते, रीतसर परवाना देतं. मुलं भिजतात, चिखलानं माखतात, घरी येऊन जेवतात आणि गाढ झोपतात. आपल्याकडच्या आयांना हे बघून धस्स होतं. त्यांनी मनाचा हिय्या करून मुलांना सोडावं. पाणी न शिरणारी पँट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि दप्तरात जादा मोजे, एवढी तयारी पुरते.

कपड्यांत मात्र कंजुषी नको आणि चूकही नको. छत्री निरुपयोगी ठरते, कारण थेंब बारीक असतात आणि वाऱ्याबरोबर आडवे येतात. आतून लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, मधे फ्लीस, वरून टोपी शिवलेलं जलरोधक जॅकेट. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवावेत. एकदा ओले झाले की दिवसभर अंग गार ठेवतात. दोनशे डॉलरचं जॅकेट दुसऱ्या वर्षी "गळायला लागलं" ही तक्रार नेहमीची, आणि बहुतेकदा ते गळत नसतंच. कापडाच्या बाहेरच्या अंगाला पाणी न धरणारा लेप असतो. मळानं, घामाच्या तेलानं तो मंदावतो, वरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आतला घाम बाहेर पडायला वाट उरत नाही आणि अंगाला ओल लागते. नळाखाली बाही धरून बघावी. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक. कापड गडद पडून पाणी पसरलं, तर जॅकेट थोड्या द्रव साबणात, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात न घालता धुवावं, दोनदा खळबळावं, ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवावं आणि वाळल्यावरही वीसेक मिनिटं फिरू द्यावं. उष्णतेनं लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब धरत नसतील तर लेपाची बाटली मिळते, धुतल्यावर फवारायची. दुपारी चारनंतर बाहेर पडणाऱ्यानं अंगावर चमकणारा पट्टा बांधावा. ओल्या काळ्या रस्त्यावर काळं जॅकेट घातलेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही.

घराच्या बाबतीत तर पावसाळ्याचा आपला सगळा अनुभव उलटा करावा लागतो. मुंबईत जुलैत खिडकी उघडी राहिली की पीठ सर्द होतं, पापड मऊ पडतात, म्हणून आपण घर बंद ठेवायला शिकलेलो. सिॲटलमध्ये बाहेर पाऊस पडत असतानाही खिडकी उघडली तर घर कोरडं होतं. बाहेरची हवा पाच अंशांची; ती ओलीचिंब दिसली तरी इतक्या गार हवेत वाफ मावतेच थोडी. तीच हवा आत येऊन वीस अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली उतरते. ओल असते ती आपल्याच घरात तयार झालेली. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, गरम पाण्याच्या आंघोळी, खुर्च्यांवर वाळत टाकलेले टॉवेल आणि माणसांचे श्वास मिळून रोज कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. ते जाऊन बसतं सगळ्यात गार जागी. खिडकीची काच, ॲल्युमिनियमची चौकट, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ, पलंगाच्या डोक्याकडचा कोपरा. जानेवारीत एखाद्या दिवशी लग्नातली पैठणी काढायला जावं तर घडीवर करडे ठिपके आणि कोंदट वास.

यावर करायचं ते साधं आहे, पण रोज करावं लागतं. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक हॉलमध्ये आणि एक झोपायच्या खोलीत ठेवावा. आकडा पन्नासच्या खाली हवा. आंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवावा, न्हाणीघराचं दार बंद ठेवून. फिरतोय पण ओढतोय का हे पाहायला जाळीवर टिश्यूचा कागद लावावा. चिकटून राहिला तर ओढतोय. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर बसवलेला मायक्रोवेव्ह असेल तर त्याचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती गाळून तोंडावर परत सोडतो ते बघून घ्यावं. पुष्कळ अपार्टमेंटांत दुसरा प्रकार असतो. अशा ठिकाणी फोडणी घालताना शेजारची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. कपाटं, पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचे, म्हणजे मागून हवा खेळते. रेशमी साड्या आतल्या भिंतीच्या कपाटात, सुती कापडात गुंडाळून. सकाळी काचेवरचं पाणी फडक्यानं पुसून फडकं ड्रायरमध्ये. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. एवढ्यानंही आकडा साठावर राहिला तर डिह्युमिडिफायर आणावा. बुरशीवर रंग मारून ती झाकणं व्यर्थ, दोन महिन्यांत वर येते. गाडीतही हेच. काचा धुकटल्या की आपला हात हवा आतल्या आत फिरवण्याच्या बटणाकडे जातो, आणि काचा आणखी धुकटतात. बाहेरची हवा घ्यावी, गरम हवेबरोबर एसी लावावा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

मराठी घरांत या हिवाळ्याची खरी परीक्षा कढीपत्त्याच्या कुंडीची होते. रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जायच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, ती आत घ्यावी लागते. आत आणल्यावर तो पानं टाकतो. पानं गळलेली बघून माणूस पाणी वाढवतो, आणि झाड मुळांपासून कुजतं. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, म्हणजे तहानही कमी. बोटाची दोन पेरं मातीत घालून कोरडी लागली तरच पाणी. खत मार्चपर्यंत बंद. वरती वीत-दीड वितीवर वाढीचा दिवा, टायमर लावून बारा-चौदा तास. हीटरच्या झडपेजवळ ठेवला तर लाल कोळी ही कीड पडते. पानं चिकट लागली तर देठांवर खवल्यांसारखे तपकिरी किडे शोधावेत आणि साबणाच्या पाण्यानं जुना टूथब्रश घेऊन घासून काढावेत. तुळशीला तर गारठा याहूनही सोसत नाही. तुळशीचं लग्न नेमकं नोव्हेंबरात, तेव्हा ते हॉलमध्येच लागतं, त्याच दिव्याखाली. इडलीचं पीठ बारा ते सोळा तास घेतं; ओव्हन बंद ठेवून आतला नुसता दिवा लावला तर तेवढ्या उबेवर फुगतं. ओव्हनच्या बटणावर कागद चिकटवून ठेवावा, नाहीतर दुसरं कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवायला लावतं आणि पातेल्यासकट सगळं भाजून निघतं.

वादळाबद्दल जरा कडक बोलायला हवं. नोव्हेंबर-डिसेंबरात जमीन पाण्यानं सैल झालेली असते, उंच डग्लस फरची झाडं वाऱ्यानं मुळांसकट तारांवर पडतात आणि वीज जाते. १९ नोव्हेंबर २०२४च्या वादळात पाच लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. सिॲटलच्या पूर्वेकडच्या समामिश, इसाक्वा भागात काही घरं कित्येक दिवस अंधारात होती. डिसेंबर २००६च्या वादळानंतर लोकांनी ऊब मिळावी म्हणून कोळशाच्या शेगड्या घरात पेटवल्या, गॅरेजमध्ये जनरेटर लावले, आणि कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावली. बाधितांत बाहेरच्या देशांतून आलेली कुटुंबं फार होती, इतकी की सिॲटल टाइम्सनं पहिल्या पानावर अनेक भाषांतून इशारा छापला. शेगडी पेटवून बसणं आपल्या हाडीमाशी आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं. आपल्या जुन्या घरांना फटी होत्या, कौलांतून हवा जात होती. ही घरं डबीसारखी बंद असतात. कोळसा, बार्बेक्यू, जनरेटर, कॅम्पिंगचा स्टोव्ह यातलं काहीही घरात किंवा गॅरेजमध्ये नको, गॅरेजचं दार उघडं असलं तरी नको. सगळ्यांनी एका खोलीत जमावं, दारांखाली टॉवेल सारावेत, रजया घ्याव्यात, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधीच लावून ठेवावा. घर तापवणारी भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे गॅस आहे म्हणून घर उबदार राहील या भरवशावर राहू नये.

ड जीवनसत्त्वाचाही गोंधळ होतो. या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च उन्हात बसलं तरी सावळ्या कातडीत ते जवळजवळ तयार होत नाही, म्हणून बहुतेकांना गोळी लागते. सत्तरीपर्यंतच्या मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट, त्यापुढे ८००, ही तिथली शिफारस. रक्ततपासणी करून डॉक्टर वाढवून देतात. भारतातून येताना बॅगेत ६०,००० युनिटच्या पुड्या येतात. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तर आठवड्याला एक अशा घ्यायच्या असतात. कुणीतरी त्या रोज दुधात घालून घेतो, आणि रक्तातलं कॅल्शियम चढून मळमळ, बद्धकोष्ठता, मुतखडा असा वेगळाच आजार ओढवतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसांची. नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यामागून एच-फोर व्हिसावर आलेली, कामाच्या परवान्याची वाट बघणारी, अजून गाडी न शिकलेली मुलगी. किंवा सहा महिन्यांसाठी आलेली सासू. त्यांच्यासाठी आठवड्यातल्या ठरलेल्या गोष्टी लागतात, मनात आलं तर करू अशा नव्हे. मंगळवारी लायब्ररी, गुरुवारी कम्युनिटी सेंटरचा तरणतलाव, शनिवारी मंडळाच्या नाटकाची तालीम. सिॲटलच्या महाराष्ट्र मंडळात हिवाळ्यात कार्यक्रम बसवणारी माणसं लोकांना घराबाहेर काढतात, आणि ते काम औषधाच्या तोडीचं आहे. झोप दहा-बारा तासांवर गेली, गोडाशिवाय काही खावंसं वाटेना, आवडीच्या माणसांचे फोन टाळले जाऊ लागले, तर हवेला दोष देत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. जगणं नकोसं वाटलं तर अमेरिकेत कुठूनही ९८८ हा क्रमांक दिवसरात्र उचलला जातो.

उजेडाच्या शोधात फार लांब जावंही लागत नाही. सिॲटलच्या पश्चिमेकडे असलेल्या ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिमेला होहच्या जंगलात वर्षाला साडेतीन मीटर पाऊस पडतो, आणि त्याच पर्वताच्या ईशान्येला स्क्विम गावी जेमतेम चारशे मिलिमीटर. महाबळेश्वरहून वाईला उतरताना पाऊस कसा विरतो हे ज्यानं पाहिलंय त्याला हा पर्जन्यछायेचा खेळ समजावून सांगावा लागत नाही. जानेवारीत सिॲटलच्या आर्बोरेटममधल्या, म्हणजे वृक्षोद्यानातल्या, हिवाळी बागेत विच हेझलला पिवळ्या-केशरी धाग्यांची फुलं येतात, तीही पानं नसलेल्या ओल्या फांद्यांवर. बाजूच्या सार्कोकोकाच्या झुडपाचा मधासारखा वास पावसात जास्तच घुमतो. व्हॉलंटीअर पार्कमधलं १९१२चं काचघर तर कोकणाची आठवण देतं, दार उघडताच चष्म्यावर वाफ येते.

संक्रांतीला सूर्य पावणेपाचपर्यंत रेंगाळतो, जानेवारीच्या अखेरीस पाच ओलांडतो, आणि रथसप्तमीच्या सुमाराला रोज तीन-तीन मिनिटांनी दिवस वाढताना कळतं. इथेच लोक दिवा बंद करतात, गोळ्या विसरतात. ढग मात्र मार्च काय, एप्रिलपर्यंतही हटत नाहीत. दिवा मार्चअखेरपर्यंत चालू राहू द्यावा. कढीपत्ता मेच्या मध्यापर्यंत आतच, आणि बाहेर नेल्यावर पहिला आठवडा सावलीत, नाहीतर पानं भाजतात. भारताच्या सुट्टीचं गणितही जमलं तर बदलावं. डिसेंबरात जाऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतणारा माणूस थेट सर्वात उशिराच्या सूर्योदयात, तेही उलट्या झोपेसकट उतरतो. शाळेचं बंधन नसेल तर फेब्रुवारीतली रजा दुप्पट अंगी लागते. आणि आईवडिलांची तिकिटं मे ते सप्टेंबरची काढावीत. जून-जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पाऊस कमीच असतो, आणि आजोबांना संध्याकाळच्या जेवणानंतरही मनसोक्त हिंडता येतं.